सोमीचे हात

जव्हारच्या आठवडे बाजारात मोळी विकून झाली की सोमी माझ्या दुकानासमोर उकिडवी बसे आणि बायांच्या बरोबरीने आपलाही हात पुढे करी. मनगट रुंद, तळव्याला कुऱ्हाडीचे घट्टे, ओठावर दोन दिवसांचे खुंट. मी कासारीण, नवरा गेल्यापासून बांगड्यांचे दुकान मीच चालवत होते. मी म्हणायचे, "सोमा, ऊठ. गिऱ्हाइकं खोळंबलीत." ती म्हणे, "सोमी म्हण ना बाय. सोमाला तं बांगडी लागत नी."

ती सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. घरच्यांनी नाव सोमा ठेवले, मुलगीही पाहिली. लग्नाच्या आधी ती लुगडे नेसून अंगणात उभी राहिली आणि भावांनी तिला हाकलून दिले. मग जव्हारबाहेर मोहाच्या झाडाखाली खोपट घालून ती एकटीच राहिली. कुणी तिच्याकडे जात नसे. बाजारात मात्र सगळ्यांना तिची चेष्टा सुचे. "काय सोमाबाई, नवरा कुठाय?" असे कुणी विचारले की ती शांतपणे सांगे, "तुझेसारखा भेटल म्हून लपून बसली मी." मला हसू येई, पण मी ते दाबत असे.

एकदा जळणाचे सांगायला मी तिच्या खोपटात गेले. तिने कौतुकाने आपले गाठोडे सोडून दाखवले. दात पडलेली फणी, विरलेली चोळी, बांगड्यांचे तुकडे, आणि एक लाकडी कुंकवाचा करंडा. तो माझाच होता. नवरा गेला त्या दिवशी बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या आणि फणी-करंडा ओढ्यात टाकला होता. विधवेचे टाकलेले आमच्यात कुणी शिवतसुद्धा नाही.

"मेले, हे कशाला उचललंस?" मी ओरडले.

"तुला ठेवू देत नी, मना घेऊ देत नी. मंग ओढ्यात पडलेला कोनाचा?" ती म्हणाली. करंडा माझ्यापुढे धरून हळूच म्हणाली, "तुझा हाय तं घे." मला घेता आला नाही. माझे हात उघडे होते आणि तिचेही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

निघताना तिने एवढेच मागितले, "एकदाच भर बाय. बाजारात, समद्यांदेखत. परत नी मागायची." मी म्हटले, होळी होऊ दे, बघू. खरे सांगायचे तर मी भ्याले. तिचा हात धरला असता तर दुसऱ्या दिवशी बायांनी माझ्या हातात हात दिला नसता, पोटावर पाय आला असता. होळी झाली, आणखी एक झाली. मी बघतच राहिले.

पुढे दोन बाजार ती आली नाही. मोळीवाल्यांनी सांगितले, सोमाला ताप भरलाय. मी सगळ्यांत मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या पदरात बांधून गेले. ती पहाटेच गेली होती. पाड्यावरची दोन माणसे तिला न्यायला बाहेर थांबली होती.

मी तिचा हात मांडीवर घेतला, तेल लावले, अंगठा आत वळवायला गेले. वळेना. दोन बांगड्या माझ्याच हातात फुटल्या. जन्मभर हेच काम केलेली मी, आणि एकसुद्धा चढवता आली नाही. बांगडी भरताना समोरचीने हात सैल सोडावा लागतो. सोमी दर बाजारी तो सैल सोडून बसत होती.


"बाई, आटपा," बाहेरून आवाज आला.