पळताना बघितल्याशिवाय

आमची कारवान कुत्री माजावर आली आणि घरातली शांतता गेली. वय झालं होतं तिचं. ही वेळ चुकली तर पुढची येईलच याची खात्री नव्हती, आणि तिच्या रक्ताची दुसरी मादी आमच्याकडे उरली नव्हती. आजोबांपासून चालत आलेला वंश तिच्यापाशी येऊन थांबला होता. ती घरभर नखं वाजवत फिरे, तिच्यामागे आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि त्या दोघांना बघून मी. शेवटी कॉलेजात रजा टाकली, दोघांना गाडीत घातलं आणि सांबऱ्याहून नर शोधायला निघाले.

खानापूरचा नर म्हातारा निघाला. शहापुरातल्या नराला आप्पांनी गाडीतूनच नाही म्हटलं, छाती उथळ म्हणून. मी चिडले. माजाचे दिवस काय आपल्यासाठी थांबून राहणार आहेत? घाई त्यांनाही होती, पायाचा अंगठा सारखा हलत होता. पण हट्ट सुटत नव्हता.

या कुत्र्यांचं मूळ विचाराल तर जितकी तोंडं तितकी मतं. कुणी म्हणतं, वायव्येकडून तांड्यांबरोबर आली म्हणून कारवान. कुणी मुधोळच्या दरबाराला श्रेय देतं. आप्पांच्या लेखी ही जात ना तांड्याने केली, ना राजाने. ती सशाने केली. ससा जोरात पळायचा म्हणून कुत्र्याला जोरात पळावं लागलं, आणि जे मागे राहिलं त्याची पिल्लं कुणी ठेवली नाहीत. धनगर असो की सरदार, पळ बघूनच जोड लावायचे. आता शिकारीला बंदी आहे, आणि ती असावीच असं मला वाटतं. पण मग कुत्रं पारखायचं कशावर?

निपाणीजवळच्या एका मळ्यातला नर मात्र बघत राहावं असा होता. उंच, पांढराशुभ्र, सोप्यात त्याने शोमध्ये जिंकलेले कप मांडलेले. मालक चाळिशीचा, आगत्याने वागणारा. आप्पा चहाला न शिवता म्हणाले, "पळताना बघितल्याबिगर न्हाय." मालक तयार होईना. पुढच्या आठवड्यात शो होता, पाय मुरगळला तर सगळंच मुसळ केरात. दोघेही हटेनात. वैतागून मी कुत्रीला पाणी द्यायला गाडीचं दार उघडलं, आणि ती निसटली.

तंबाखू काढून मोकळ्या झालेल्या रानात ती सुसाट शिरली. नराने मालकाच्या हातातून पट्टा हिसकावला आणि तो तिच्यामागे धावला. म्हातारी रानाला वळसा घालून परत आली, तरी तो निम्म्या वाटेत जीभ काढून धापा टाकत उभा. इतकं देखणं जनावर, पण आपल्या पायांचं करायचं काय तेच त्याला ठाऊक नव्हतं. मालकाने मान खाली घातली. दिवसभर कुठलाही नर चालेल म्हणणारी मी, पण मला रडू आलं. आप्पांना म्हटलं, घरी जाऊ, हा वंश हिच्यासोबतच संपू दे.

आप्पा नराजवळ गेले, त्याच्या मांडीवरून हात फिरवला. "हाडं चांगली हाईत. त्याला कुणी पळायला सोडलंच न्हाय, त्यात त्याचा काय दोष?" जोड लावू, असं त्यांनी मालकाला सांगितलं. रिवाजाप्रमाणे नरवाल्याचा मान पहिला, मनाला येईल ते पिल्लू उचला. पण ते पळवत ठेवायचं.

मालकाने बांधापलीकडे बघितलं. तिथे प्लॉटचे दगड रोवलेले होते आणि त्यामागे हायवे.

"कुठं पळवू, आप्पा?" तो टाळत नव्हता, खरंच विचारत होता.

"मग मोठं हुईस्तवर आमच्याकडंच ऱ्हाऊ दे. आमचं रान मोकळं हाय," आप्पा म्हणाले, आणि त्याच्याऐवजी माझ्याकडे बघितलं. त्यांच्यानंतर ते रान माझं होणार. ते विकायचं की ठेवायचं यावर घरातल्या बाकीच्यांत आणि माझ्यात दबक्या आवाजात वाद चालू होता, आणि आप्पांच्या कानावर तो गेला नसेल अशी माझी समजूत होती. "व्हय न्हवं गं?" त्यांनी विचारलं.

मी व्हय म्हणाले. आता घरी जाऊन रान विकायचं नाही हे सगळ्यांना सांगायचं होतं.