बंद तोंडाची जांभई

लाइफ जॅकेट घालून वसंतराव माझ्या ओपीडीतल्या खुर्चीत बसले होते आणि मी मागे उभी राहून ते जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढत होते. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावून बघत होते. कॅन्सर हॉस्पिटलात हा काय प्रकार, असं त्यांना वाटत असणार.

माणूस पाण्यात पडला की अंग खाली जातं आणि जॅकेट वर येतं. मी तेच करून पाहत होते. जॅकेटचा गळा सरकत आला आणि बरोबर वसंतरावांच्या मानेतल्या भोकावर बसला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. श्वास कोंडला होता. मी लगेच सोडलं.

"पाहा," मी त्यांच्या बायकोला, शालूताईंना म्हणाले. "दुसऱ्याला वाचवणारी वस्तू यांचा जीव घेईल."

आता हे भोक काय, ते सांगते. मी स्पीच थेरपिस्ट आहे. घशाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी पूर्ण स्वरयंत्र काढावं लागतं. मग श्वासनळीचं तोंड मानेवर, पुढच्या बाजूला उघडतात. त्याला स्टोमा म्हणतात. माणूस पुढे तिथूनच श्वास घेतो. नाक चेहऱ्यावर राहतं, पण त्यातून हवा जात नाही. वसंतराव काटोलचे संत्र्याचे व्यापारी, स्वतःची बागही होती. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला आणि घसा गेला. बोलायला त्यांच्याकडे मशीन होतं, दाढीच्या मशीनएवढं. ते हनुवटीखाली दाबायचं आणि ओठ हलवायचे. आवाज निघतो, पण सगळे शब्द एकाच सुरात.

ऑपरेशननंतर बरे होते. मग आजार फुप्फुसात उतरला. सर्जनसरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, आता इलाज फक्त त्रास कमी करण्याचा. कुठं जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. वसंतरावांनी मशीन लावलं आणि म्हणाले, "रामटेकले. बोटीत."

लग्न झालं तेव्हा ते शालूताईंना रामटेकला घेऊन गेले होते. तलावावर बोटीची रांग लांब होती आणि इकडे काटोलला ट्रक भरायचा होता, म्हणून तसेच परत आले. पुढे सीझनमध्ये मंडी, सीझन नसला की बाग. शालूताईंनी परत नाव काढलं नाही. ते मात्र विसरले नव्हते.

सर माझ्यावरच उखडले. "अरे यार, पाण्यापासून दूर राहा म्हणून मी प्रत्येक कार्डावर लिहितो, आणि हा माणूस पाण्यावरच काहून चालला?"

"पोहायला नाही चालले, सर. बोटीत बसतील."

"बोट कलंडली तर? मानेपर्यंत पाणी आलं तर खतम."

"त्याचाच बंदोबस्त करून राहिले ना मी."

सरांनी पेन खिशाला लावलं. "जॅकेटचं जमलं तरच. आणि तू सोबत जायचं."

मी खोल गळ्याचं जॅकेट मिळवलं. तरी ते वर सरकत होतंच. शेवटी शालूताईंनी इतवारीच्या बाजारातून खाटेच्या नवारीची पट्टी आणली आणि जॅकेटला पुढून मागे, दोन पायांमधून अशी शिवून घेतली. परत ओढून पाहिलं. जॅकेट जागचं हललं नाही.

"घ्या," शालूताई म्हणाल्या, "या वयात लंगोट बांधून दिला तुम्हाले." वसंतरावांचं हसणं बिनआवाजाचं असायचं, फक्त खांदे हलायचे. त्या दिवशी खांदे बराच वेळ हलत होते.

वसंतरावांचं आणखी एक गाऱ्हाणं होतं, आणि तिथं मी हरले होते. नाकातून हवा जात नाही म्हणजे वास येत नाही. संत्र्याची पेटी उघडल्याबरोबर वासावरून माल कुठला ते सांगणारा हा माणूस. "गॅस सुरू राहिला तरी समजत नाही, काय कामाचा मी," म्हणायचे. यावर एक व्यायाम आहे. ओठ बंद ठेवायचे आणि जबडा खाली सोडायचा, मीटिंगमध्ये साहेबांसमोर जांभई दाबतो तसं. तोंडात पोकळी होते आणि नाकातून थोडी हवा आत खेचली जाते. तेवढ्यावर वास येतो. पुष्कळांना जमतं. मी त्यांच्या नाकाशी कॉफी धरली, अगरबत्ती धरली. शालूताई दाराजवळच्या खुर्चीवर बसून स्वतःही त्या जांभया देत. वसंतराव दर वेळी मान हलवून नाही म्हणत. पुढे तर ते अगरबत्ती पाहिली तरी चिडायचे.

मार्च सरत आला होता. ते दोघं रामटेकला मुक्कामी गेले आणि मी सकाळी तिथं पोचले. शालूताईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, घरच्या संत्र्याची थैली घरी पलंगावरच राहिली. रस्त्यानं ठेल्यावरून घेतले. सांगू नका. यायले कुठं आता वास येते?"

मी नावाड्याला सगळं समजावलं. हे पाण्यात पडले तर तोंडातून श्वास द्यायचा नाही. तोंडाचा आणि फुप्फुसाचा रस्ता बंद केलेला आहे. श्वास द्यायचा तो मानेवरच्या या भोकात. त्यानं स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "म्हणजे यायचं नाक इथं हाय."

"बरोबर."

"मंग मी बोट काठानंच नेतो, बाई. पाणी उडू देत नाही."

मोटारच्या बोटीला मी नाहीच म्हटलं होतं. वल्ह्याची, रुंद बुडाची घेतली. वसंतरावांना पट्टीचं जॅकेट चढवलं, स्टोमावर ओलं जाळीचं कापड बांधलं. फळी अरुंद होती, म्हणून दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. मी समोर. खरं सांगते, पहिला काही वेळ मी तलाव पाहिलाच नाही, त्यांच्या मानेकडेच पाहत होते. शालूताई फळी घट्ट धरून बसल्या होत्या. हळूहळू त्यांचा हात सुटला. मग त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं.

वसंतरावांचा जबडा खाली गेला. ओठ बंद. पुन्हा एकदा. मला वाटलं सवयीनं करताहेत. मग ते एकदम थांबले. सोललेल्या संत्र्याकडे पाहिलं, शालूताईंकडे पाहिलं, मशीन हनुवटीखाली लावलं.

"हा आपला नाही."

शालूताईंचा हात तसाच राहिला.

"कोल्ड स्टोरेजचा हाय. कोठून घेतला वं?"

इतकी वर्षं हा व्यायाम शिकवते, पुस्तकातली आकृती काढून समजावते. हवा जाते, वास येतो, त्यात नवल काय. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर ते परत आलेलं मी समोर बसून पाहिलं, आणि मला बोलता येईना. मी, जी लोकांना बोलायला शिकवते. नावाड्यानं वल्हं वर उचलून धरलं होतं. त्याला नेमकं काय झालं ते समजलं नव्हतं, पण काहीतरी मोठं झालं एवढं समजलं होतं.

शालूताई रडत होत्या आणि रागावतही होत्या. "चोरी पकडायलेच नाक आलं काय तुमचं?"

त्यानंतर ते वास घेतच राहिले. "शेवाळ," म्हणाले. मग, "लाकूड ओलं हाय." मग मशीन खाली ठेवलं, शालूताईंच्या बाजूला वळले आणि त्यांच्या केसांजवळ डोकं नेऊन बंद तोंडानं जांभई दिली. एकदा, दोनदा, किती तरी वेळा. शालूताई हलल्या नाहीत. मी आणि नावाडी दुसरीकडे पाहू लागलो. तेव्हा कुठं मला तलाव दिसला. पाणी अगदी स्थिर होतं आणि पलीकडच्या टेकड्या त्यात जशाच्या तशा उतरल्या होत्या.

उन्हाळा पुरा व्हायच्या आत वसंतराव गेले. घरीच गेले. काही दिवसांनी शालूताई हॉस्पिटलचं मशीन परत द्यायला आल्या. मी चहा मागवला. कप हातात घेऊन त्याच बोलायला लागल्या.

"शेवटी शेवटी मशीन हातात धरायची ताकद नव्हती. मी बाजूले बसली का नुसता जबडा हलवत. भेटायले आलेले लोक म्हणत, झोप येऊन राहिली त्यायले, झोपू दे. मी उठलीच नाही, मॅडम. मले मालूम होतं. हे माहा वास घेऊन राहिले होते."

मला रडू आवरलं नाही. ओपीडीत रडू नये असं मीच ज्युनियरना सांगते.

हा व्यायाम तिथंच का जमला, मला सांगता येत नाही. माझ्या खोलीत फिनाइलचा वास असतो, तलावावर मोकळी हवा होती. सर म्हणतात, सराव झालाच होता, योगायोगानं तिथं जमलं. असेल. मी माझ्यापुरता एक बदल केला. दाराजवळची ती खुर्ची उचलून पेशंटच्या खुर्चीला लावून ठेवली. कॉफी आणि अगरबत्ती आता नंतर काढते. आधी घरच्या माणसाला सांगते, इथं या, जवळ बसा.