मावशींची गॅलरी आणि माझी ठकी

मावशी झाडांना शिव्या द्यायच्या, आणि झाडं वाढायची. "मेल्या, पानी तेवढं पितुयास, पान कुटं हाय?" असं सकाळी कुंडीवर खेकसल्या की आठवडाभरात तिथे कोंब दिसायचा. मी आमच्या गॅलरीत झाडांशी गोड बोलायचे, नर्सरीतून खत आणायचे. माझी झाडं माना टाकायची. दोन्ही गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यापलीकडची हिरवाई बघून माझा रोज जळफळाट व्हायचा.

दोन हजार सहा साली आम्ही नवरा-बायको लातूर सोडून महाळुंग्याच्या या नव्या सोसायटीत राहायला आलो. दोघंही हिंजवडीत नोकरीला. मावशी मूळ इथल्याच. बिल्डरला जमीन दिल्यावर त्यांना आमच्या शेजारचा फ्लॅट मिळाला होता. "माजं भाताचं खाचर व्हतं तितं तू आंगूळ करतीस," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. शेत गेलं तरी हात स्वस्थ बसेनात, म्हणून गॅलरी. तुळस आणि गुलाब होतेच, पण त्यांचा खरा जीव शोभेच्या झाडांवर: दारावरून फिरवलेला मनीप्लांट, पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचं डिफेनबेकिया, आणि लिली. लिलीला तर त्या जरा कमीच शिव्या द्यायच्या.

झाडांवरून जळणं एक वेळ चाललं असतं. पण आमची ठकीही तिकडेच पळायची. ऑफिसच्या कॅन्टीनमागे सापडलेलं हे मांजरीचं पिल्लू मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाचवलं होतं. आम्ही कामावर गेलो की बाईसाहेब भिंतीवरून पलीकडे. संध्याकाळी न्यायला जावं, तर ही मावशींच्या मांडीवर पसरलेली आणि मावशी तिची पाठ जुन्या फणीने विंचरताहेत. "ठकूबाई, खाल्लंस न्हवं पोटभर?" मी खांद्यावर बॅग घेऊन दारात उभी. मला कोण विचारतंय! नवरा म्हणायचा, "अगं, तिकडे झाडं आहेत, सावली आहे. आपल्याकडे काय आहे?" मला तेवढंच बरं वाटायचं. म्हणजे ओढ झाडांची होती, मावशींची नव्हे.

ठकी तिथली पानं चावायची. मी एकदा म्हटलंही, "मावशी, पानं खातेय ती."

"खाऊ दे. जनावराला आपसूक कळतंय काय खायाचं अन् काय न्हाई. आमच्या गायीनं कदी रुईला तोंड लावलं व्हतं का?" गाय आणि रुई आली की वाद मिटला.

एका रविवारी दुपारी मावशी ठकीला पदरात गुंडाळून आमच्या दारात आल्या. तिच्या तोंडातून लाळेची तार लागली होती, जीभ सुजली होती, आणि ती पंजाने स्वतःचंच तोंड ओरबाडत होती. रिक्षा करून आम्ही दोघी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. दातात अडकलेला पानाचा तुकडा बघून डॉक्टर म्हणाले, "डिफेनबेकिया. याच्या चिकाने तोंड, घसा सगळं भाजल्यासारखं होतं." तोंड धुऊन त्यांनी इंजेक्शन दिलं. वाचेल म्हणाले. मग घरात आणखी काय काय आहे ते विचारलं. मावशींनी सांगितलं. "मनीप्लांटनेही असंच होतं. लिली मात्र आजच्या आज हलवा. ती खाल्ली तर मांजराच्या किडन्या जातात. वेळेवर आणलं नाही तर माझ्या हातात काही राहत नाही."

परतताना मावशींनी ठकीला पदराआड धरलं होतं. सोसायटीचं गेट आल्यावर म्हणाल्या, "ही झाडं आपल्या मुलखातली न्हाईत गं. जनावर तरी कसं वळखनार?"

लिली त्या दिवशीच आतल्या खोलीत कुलपात गेली. दुसऱ्या दिवशी कासारसाईहून मावशींचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि शोभेची सगळी झाडं घेऊन गेला. त्याच्या दुकानावरच्या माडीवर एकही जनावर पोचत नव्हतं. लिली मावशींनी स्वतः खाली नेली. तिला एक कळी आली होती. त्या दिवशी त्यांनी एकाही झाडाला शिवी दिली नाही.

"मावशी, मांजर माझं आहे. मी माझं दार बंद ठेवीन, झाडं राहू द्या," टेम्पो भरला जात असताना मी म्हटलं होतं.

"मुक्या जिवाला दिसभर कोंडतीस व्हय? झाडं काय, पुन्यांदा लावता येत्यात."

मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. मी आणखीच जळले. मांजर माझं, आणि त्याच्यासाठी शेतापाठोपाठ गॅलरी रिकामी केली ती या बाईने! वर ठकीने माझं उरलंसुरलं समाधानही हिरावून घेतलं. बरी झाल्याबरोबर ती भिंतीवरून पलीकडे गेली. तिथे आता तुळस, गुलाब आणि तापलेली फरशी होती. तरी ती दिवसभर तिकडेच.

दोन हजार दहाला मावशींच्या मुलाने जवळच्या चांदे गावात अंगणाचं घर बांधलं आणि त्या निघाल्या. आता त्या ठकीला मागणार, हे मी धरून चालले होते. नकार कसा द्यायचा तेही घोकून ठेवलं होतं.

"मांजराचा जीव घरावर असतुया, मानसावर न्हाई," ठकीकडे न बघता त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तिला हितंच." मग त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "आन् सांजच्याला येतीस तवा आदी कायतरी खात जा. पोट पार पाठीला लागलेलं असतंय तुजं. दारात हुबी ऱ्हायचीस तवा रोज बघत व्हते."

मी नुसती मान हलवली, आणि गाडी गेली.

संध्याकाळी ठकी भिंतीवरून पलीकडे गेली आणि त्यांच्या बंद दाराशी बसून गळा काढून ओरडत राहिली. मी अलीकडे उभी राहून ऐकत होते. मला तिचा हेवा वाटला. तिला निदान ओरडता येत होतं.