बर्फावरचं पाल

डोळे मिटत आलेत. दुपार अजून सरली नाही, तरी खिडकीबाहेर विनिपेगचा उजेड विझू लागलाय, आणि मी आमच्याच दिवाणखान्यात, गालिच्यावर ठोकलेल्या लाल तंबूत आडवी झालेय.

नवरा जयवंत आणि लेक रेवा येत्या शनिवारी पहिल्यांदाच गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणार आहेत. बर्फाला भोक पाडायचं, वर तंबू उभारायचा, आत गॅसची शेगडी लावून गळ टाकून बसायचं. तंबू दोन मागवलेत, एक परत करायचा. निवड माझ्यावर, कारण माझं लहानपण उजनीच्या पाण्याकाठी, आम्हा मासेमार भोयांच्या पालांत गेलं. निळा तंबू पातळ आहे, खाली-वर जाळीचे झरोके. तो पिशवीतच आहे, दाराशी. लाल गोधडीसारखा जाड, कुठून वारा म्हणून शिरत नाही. रेवाला थंडी सोसत नाही. लालच ठेवू, म्हणते, आणि पापणी जड होते.

कुणीतरी तंबूची कड उचलतं. ठकूआत्या आत येते, वडिलांची बहीण. लुगडं पोटरीपर्यंत ओलं, कमरेला लव्हाळ्याची जुडी. ती वारलीय हे मला ठाऊक आहे. तिलाही असावं, पण तो विषय ती काढत नाही.

"एवढं जाड?" ती कापड चिमटीत धरते. "पाल हाय का कणगी?"

मग तिचे प्रश्न सुरू होतात. पाणी दगड होतं म्हणजे कसं, खालच्या माशाला दिवस कळतो का, त्याला गळ दिसतो का. मला येतं तेवढं सांगते. सांगता सांगता गालिचा पांढरा होतो, मधोमध काळं भोक पडतं, आणि त्यातून भीमेचा एक मरळ तोंड वर काढून आमचं बोलणं ऐकतो. आत्या वाकून त्याला न्याहाळते, लहान मुलीसारखी. गुणगुणते:

पाल पाण्याच्या कडेला, दार ठेवू कुन्या दिशी
वारा सोयरा गं बाई, त्याची वाट मोडू कशी

बर्फावर तीन दगड मांडून ती चूल पेटवते. पाल ठोकलं की हे तिचं पहिलं काम असायचं, धूर कुठून जातो ते बघायचं. मगच आम्हा पोरांना आत घ्यायची. आता धूर वर चढतो, वाट शोधतो, सापडत नाही, खाली उतरतो. माझे डोळे झोंबतात.

"आत्या, त्यांच्या शेगडीला धूर नसतो."

ती फुंकणी खाली ठेवते.

"मग पोरगी झोपली का गुदमरली, हे कळायचं कसं गं?"

भोकातला मासा बुडी मारतो.

"ते दुसरं कुठंय?" म्हणत ती कड उचलून बाहेर पडते. मागोमाग पिशवी ओढल्याचा आवाज येतो. मी उठू बघते, अंग हलत नाही.

मग हलतं. दिवाणखाना अंधारलाय, गालिचा गालिच्यासारखाच आहे. चेन उघडून बाहेर येते, दिवा लावते.

निळ्या तंबूची पिशवी दाराशी नाही. जयवंत आणि रेवाच्या बर्फातल्या बुटांशेजारी टेकवून ठेवलीय. तोंड लव्हाळ्याने आवळलंय, हिरव्यागार, ओल्या पात्याने.

गाठ तशीच ठेवते, आणि लाल तंबूचे खांब काढायला वळते.