चादरीचं दुसरं टोक

आमच्या लाँड्रीत सव्वीस वर्षांच्या पोराला सगळे ‘आजोबा’ म्हणायचे. लाँड्री मोठी, इस्पितळाच्या चादरी धुणारी. घडीच्या टेबलाशी मी आणि आजोबा, अशी आमची जोडी. चादरीची घडी एकट्याने घालायची नाही, हा तिथला नियम. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, एकमेकांकडे चालत यायचं आणि टोकं जुळवायची. असं दिवसभर जवळ यायचं आणि लांब जायचं. त्याच्या शर्टावरचं एकूण एक ठिगळ मला पाठ झालं होतं.

आजोबा हे नाव पडलं ते त्याच्या साठवण्यावरून. पगार झाला की तिसरा हिस्सा म्हातारपणासाठी बाजूला. ड्रायरवाला त्याला चिडवायचा, साठीपर्यंत इथे यंत्रंच घड्या घालतील, आपल्याला कोण ठेवतंय. त्यापेक्षा हप्त्यावर गाडी घ्यावी आणि हिंडून घ्यावं. इस्त्रीवाली म्हणायची, घरभाडं देऊन हातात उरतंय काय, साठवू काय कपाळ? तिचं मला पटायचं. आजोबाला यातलं काहीच पटायचं नाही. चहाला येत नसे, सहलीला येत नसे, आहेर द्यावा लागेल म्हणून कुणाच्या लग्नालाही जात नसे. हळूहळू लोक त्याला बोलवेनासे झाले, आणि या बाबाच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

एकदा मी खवळलेच. अरे, म्हातारपण यायच्या आधी जरा तरुणपण तरी येऊ दे की, असं चांगलं सुनावलं. त्याने हातातली चादर काही खाली ठेवली नाही. वडील शेवटची वर्षं काकांकडे होते, म्हणाला. अंगाचा साबण संपला की मागायला लाजायचे, नुसत्या पाण्यानेच अंघोळ उरकायचे. आणि मी कुठल्या तोंडाने शिकवणार होते? माझी सगळी पुंजी लेकाच्या घरात गेली, आणि लेक ते घर विकून परमुलखात गेला. फोन करतो, नाही म्हणत नाही मी.

निवृत्तीचा दिवस जवळ आला तसा मला एकच घोर लागला. याच्यासमोर आता कोण उभं राहणार? दिवसभरात जे काय चार शब्द बोलायचा ते माझ्याशीच. म्हणून मोजणीवरची एक मुलगी मी मुद्दाम त्याच्या जोडीला मागून घेतली, चांगली बडबडी. दुसऱ्या दिवशी बघते तर या पठ्ठ्याने भिंतीवर दोन भक्कम चिमटे ठोकलेले. दोन टोकं चिमट्यांत अडकवायची, दोन आपल्या हातात धरायची आणि भिंतीकडे चालत जायचं. एक माणूस वाचतोय म्हटल्यावर मुकादमाने नियमाकडे काणाडोळा केला. मुलगी परत मोजणीला गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटच्या दिवशी त्याने माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत तसलेच दोन चिमटे.

“घरी लागतील तुम्हाला,” म्हणाला.

आता यावर रागवावं की काय करावं? मी म्हटलं, मग ठोकायलाही तूच ये.

रविवारी आला. गुपचूप चिमटे ठोकले. मी दोरीवरची चादर आणली, तर सवयीने त्याने तिची दोन टोकं उचलली. आम्ही झटकली, चालत आलो, टोकं जुळवली. किती दिवसांनी घरात कुणी समोर उभं होतं. मला फार बरं वाटलं. मग त्याने ती चादर पुन्हा उलगडली आणि माझ्या हातात दिली.

“आता एकट्या करून बघा, मावशी.”

मी टोकं अडकवली आणि भिंतीकडे चालत गेले. घडी अगदी बेतशीर बसली, एकही कोपरा निसटला नाही. इतकं छान जमलं की मला रडूच कोसळलं. भिंतीकडे तोंड करून मी हमसून हमसून रडले.

तो हातोडी धरून तसाच उभा. मी डोळे पुसले, म्हटलं, बस, चहा ठेवते. जादा पाळी आहे, म्हणाला. दारात चपला घालता घालता थांबला.

“सवय होते, मावशी,” म्हणाला. सव्वीस वर्षांचं पोर ते.