गारांच्या दिवशीची नोंद

निवृत्तीनंतर वलगावच्या घराच्या गच्चीवर मी काचेचा पर्जन्यमापक बसवला. एप्रिलमध्ये अवकाळी आभाळ भरून आलं, तेव्हा शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गच्चीवरून विचारलं, "भाऊ, पाणी येईन का? कुरडया टाकून रायली मी."

"वहिनी, मी पडलेलं पाणी मोजतो. येणारं मले नाई समजत."

"पडलेलं तं मलेबी दिसते," म्हणत त्यांनी जुन्या पातळावर कुरडया घातल्या.

दुपारी गारा सुरू झाल्या. मी डोक्यावर घमेलं धरून मापक वाचवायला वर धावलो, तर वहिनी एकट्याच पातळ गोळा करत होत्या. मधला कठडा ओलांडून मी दुसरं टोक धरलं. तेवढ्यात मागे काच फुटली. नोंदीत मी 'गारा. माप नाही' असं लिहिलं.

संध्याकाळी वहिनींनी ओल्या कुरडया तेल-तिखट घालून पाठवल्या. चांगल्या लागल्या.