वरचा बोलतो तोवर

जिन्यावरून जड सामान उतरवायला दोन माणसं लागतात, एक वरचा आणि एक खालचा. वरच्याला समोरचा जिना दिसतो. खालचा उलटा उतरतो. निम्म्याहून जास्त वजन त्याच्या अंगावर असतं, तोंडासमोर कपाटाचा तळ असतो, आणि पायाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. वरचा सांगेल तिथे तो पाय टाकतो. तोलकाका सगळा जन्म खालचा माणूस होता.

त्याचं खरं नाव आठवायला बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. कधी तोल गेला नाही म्हणून तो तोल्या, आणि केस पिकल्यावर तोलकाका. ओझं पेलायच्या पट्ट्याने डावा खांदा कायमचा खाली गेलेला. शर्ट एका बाजूला लोंबायचा. बायको कारखान्याच्या शर्टांना घरी बटणं लावायची. ती म्हणे, "तुमच्या मापाचा शर्ट शिवायचा तर आधी गवंडी बोलवावा लागेल." कामाच्या बाबतीत तो कडक होता. उचलणं बैलालाही जमतं, ठेवता आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. धसमुसळ्या माणसाबरोबर त्याने कधी काम केलं नाही.

त्याचा वरचा होता रेडिओ. खाली, रस्त्यात, टेम्पोत हा माणूस अखंड बोलायचा, म्हणून रेडिओ. पण जिन्यावर तो शब्द वापरत नसे. बाकीचे वरचे 'पायरी, पायरी' ओरडतात. रेडिओ गुणगुणायचा. दर पायरीला तोकडा 'हं', आणि वळण आलं की लांब 'हंऽऽ'. बाळाला झोपवताना बाई गुणगुणते तसा सूर. त्या सुरावर तोलकाकाने उभी हयात पाय टाकले. गंमत अशी, की वजन अंगावर असताना रेडिओचं तोंड त्याला कधी दिसलं नाही. दिसायची ती कपाटाच्या कडेवरची बोटं.

दोघांनी काम सोडलं त्याला बराच काळ झाला होता. मग फिल्मवाले आले.

ते खून झालेल्या एका गोळाफेक्यावर माहितीपट काढत होते. आपल्यातल्या पोराने गोळा फेकून जगात नाव काढलं, याचं लोकांना केवढं कौतुक. रस्त्यावरून चालला तर दुकानदार बाहेर येऊन उभे राहायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी तो आपल्याच घरात, चौथ्या मजल्यावर, डोक्यात घाव घालून मारला गेला. प्रेत सापडलं तळमजल्यावरच्या पंपाच्या खोलीत. त्याच्या मालिशवाल्याला जन्मठेप झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका म्हातारीने साक्ष दिली होती, की रात्री जिन्यात कोणीतरी गुणगुणत होतं. वर्तमानपत्रांनी 'गुणगुणणारा खुनी' असे मथळे दिले. प्रेत ओढताना गाणं म्हणणाऱ्या माणसाची कीव कोण करणार? तोलकाकाने तेव्हा ते वाचलं होतं आणि सगळ्यांसारखाच तोही थुंकला होता.

फिल्मवाल्यांना तो नुसता वाळू वर न्यायला हवा होता. गोळाफेक्याच्या वजनाचा कापडी पुतळा करायचा होता. तोलकाकाने वाळूच्या पिशव्या एकेक करून त्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर नेल्या. पुतळा भरला. मग मालिशवाल्याचं काम करणारा नट, तोही तसाच काटकुळा, पुतळ्याचे हात धरून ओढायला लागला. तिसऱ्या पायरीला त्याचा श्वास कोंडला. सातव्या पायरीला पुतळ्याची पाठ उसवली आणि वाळू जिनाभर झाली.

"असं नाही झालेलं," तोलकाका म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

फिल्मवाली बाई त्याच्याकडे वळली. "कसं झालं असेल मग?"

"ओढलं असतं तर पाठ सोलली असती. सोलली होती का?"

"नाही. तेच तर आम्हाला कळत नाही," बाई म्हणाली. "करून दाखवाल?"

काम चुकीचं होताना त्याला बघवत नसे. एवढीच ती चूक. त्याने पट्टा घेतला, एका धडधाकट कामगाराला वर उभं केलं आणि पुतळा गुंडाळून पहिल्या वळणापर्यंत उतरवून दाखवला. "दोघं होते. आणि दोघं जिन्याला सरावलेले. नवखा असता तर इथे भिंत खरवडली असती." कॅमेरा चालूच होता.

बाई खूश झाली. तिने त्याला खुर्ची दिली आणि लॅपटॉपवर म्हातारीची मुलाखत लावली. "हे गुणगुणणं यात कसं बसतं, तेवढं सांगा."

पडद्यावर म्हातारीने डोळे मिटले आणि तोंड बंद ठेवून सूर काढला. हं. हं. हं. हं. हंऽऽ.

तोलकाकाचा पाय खुर्चीखाली आपोआप एक पायरी मागे सरकला. कागदावर छापलेल्या शब्दाला सूर नसतो. इतकी वर्षं त्याला हे कळलंच नव्हतं.

"काही आठवलं का?" बाईने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

बाईने त्याला दारापर्यंत सोडलं. त्याचं बोलणं फिल्ममध्ये राहणारच होतं. चेहरा दाखवायचा की काळा करायचा, ते त्याने ठरवून कळवायचं होतं. मालिशवाल्याची आई अजून आहे, असं बाई जाता जाता म्हणाली. दर महिन्याला तुरुंगात जाते, लेकाची बोटं बघते आणि येते. बोटं वाकडी व्हायला लागली आहेत.

घरी येऊन त्याने कडी लावली. मग खिडकीही लावली.

"काय हो, उकाडा काय कमी आहे?" बायको म्हणाली.

त्याने सांगितलं, पण अर्धंच. दोघं होते एवढंच. सूर पोटात ठेवला. बायकोने सुई थांबवली. "जिन्याला सरावलेले म्हणजे तुमच्यातलेच की कोणीतरी. असे आहेत किती या गावात? हाताच्या बोटांवर." मग तिने नवा दोरा ओवला. "मी आपली वहिनींना सांगून बसले, आमचे सिनेमात येणार म्हणून."

"कोणत्या वहिनी?"

"रेडिओ भावजींच्या. अजून कोण."

त्या दिवसापासून तो दचकायला लागला. दारात पावलं वाजली की घास हातात राहायचा. भाजी आणायला गेला तर भिंतीच्या कडेने चालायचा. ज्याच्या हातात इतकी वर्षं जीव दिला त्याची भीती वाटावी, याची त्याला लाजही वाटे, आणि लाजेने भीती काही कमी होत नसे. रेडिओला कळलं असेल का? कळलं असेल तर तो काय करेल? आणि आपण बोललो नाही तर तो मालिशवाला आत मरेल, त्याचं काय?

एका सकाळी रेडिओ दारात उभा राहिला.

"कपाट आहे एक," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरून. शिसवी. घरमालक म्हणतो जुनी माणसं हवीत. पोरांनी गेल्या वेळी आरसा फोडला."

"कंबर धरते रे आता."

"धरू दे. कमरेला दुसरं काम काय? वहिनी, नवऱ्याला जरा उन्हात न्या, बुरशी चढलीये." बायको हसली. रेडिओ हसला. पण तो आत आला नाही, पाणी प्यायला नाही. नाही म्हणावं तर याला कळेल, की मला कळलंय. तोलकाकाने खुंटीवरचा पट्टा काढला.

रस्त्याने रेडिओ नेहमीसारखा बोलला. गुडघे, जावई, महागाई. तोलकाका हं हं करत राहिला. इमारत जुनी होती, जिना अरुंद, कठड्याची एक सळई गळालेली. कपाट बघून दोघांनीही मान हलवली. असं लाकूड आता मिळत नाही. पट्टे आवळले. नेहमीप्रमाणे तोलकाका खाली गेला. दुसरी काही जागा त्याला सुचलीच नाही.

पहिला जिना सुरात उतरला. हं, हं, हं. तळव्याला पायरी बरोबर सापडत होती. वळणावर लांब सूर आला, कपाट फिरलं, भिंतीला धक्काही लागला नाही. दुसऱ्या जिन्यावर चार पायऱ्या झाल्या आणि सूर थांबला.

तोलकाकाचा एक पाय मागे हवेत होता.

"रेडिओ?"

 कपाटाच्या कडेवर आठ बोटं होती. नखं पांढरी झालेली.

"रेडिओ, पायरी सांग."

"फिल्मवाल्यांना काय सांगितलंस?"

आवाज कपाटाच्या पलीकडून आला. तो रेडिओचा वाटतच नव्हता. तोलकाकाने पाय परत वरच्या पायरीवर आणला. सगळं वजन डाव्या खांद्यावर उतरलं. वरच्याने फक्त बोटं सोडायची होती. अपघात. म्हातारी माणसं, झेपत नव्हतं, कशाला गेली, असं लोक म्हणाले असते आणि घरी गेले असते.

"दोघं होते म्हणून सांगितलं."

"अजून?"

खोटं बोलता आलं असतं. पण खांद्यावर वजन असताना रेडिओशी तो कधी खोटं बोलला नव्हता. तिथे खोट्याची सवयच नव्हती.

"सूर ऐकला. म्हातारीने काढून दाखवला. तो कोणाचा, ते नाही सांगितलं."

कपाट बोटभर खाली सरकलं.  ते तिथेच थांबलं.

"मला गालिचा म्हणाले होते," रेडिओ म्हणाला. "गोळाफेक्याचा मेव्हणा आला होता बोलवायला. गालिचा खराब झालाय, रातोरात काढायचाय."

"आणि तुला कधी कळलं?"

"पहिल्या वळणावर. गालिचा सगळा वाकतो. हा एकाच ठिकाणी वाकला."

"मग खाली का नाही ठेवलास?"

"मेव्हणा मागे उभा होता. हातात काय होतं ते मी बघितलं नाही, म्हणजे बघायला मान वळवली नाही. तुझ्या जागी जो घेतला होता तो तर खाली रडत होता. मी त्याला गप्प करायला गुणगुणत होतो, पायऱ्या सांगायला नाही." रेडिओने दम घेतला. "तो पुढच्या वर्षी दारूने गेला. तू तेव्हा टायफॉईडने पडला होतास. आधी तुलाच बोलवायला आलो होतो मी."

तोलकाकाला ते आजारपण आठवलं. दारात कोणीतरी येऊन गेल्याचं आठवलं. तेव्हा ताप नसता तर प्रेताची पायांकडची बाजू त्याच्या खांद्यावर असती. त्याने काय केलं असतं? खाली ठेवलं असतं, असं त्याला छातीठोक म्हणता येईना. 

"रेडिओ, खांदा भरला."

"माझेही हात भरलेत."

"मला टाकायला आणलंयस का?"

 कोणाच्या तरी घरात भांडं पडल्याचा आवाज आला.

"टाकायचं असतं तर वरच्या जिन्यावर टाकलं असतं. तो जास्त खडा आहे."

"म्हणजे विचार केला होतास."

"सकाळी केला होता."

"आणि आता?"

 वरून 'हं' आला.

पायरी होती का तिथे? की नव्हती? मागे पाय टाकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि टाकल्यावर कळून उपयोग नव्हता.  वर चढायचं बळ नव्हतं, उभं राहायचंही नव्हतं. त्याने पाय टाकला. पायरी होती. पुढचा 'हं' आला. पुन्हा तीच भीती, पहिल्याइतकीच ताजी. आयुष्यात उतरवलेल्या सगळ्या सामानाचे मिळून त्याला एवढे कष्ट पडले नसतील. दर पायरीला त्याला वाटे, ही खोटी. दर पायरी खरी निघाली. लांब सूर आला, वळण आलं, शेवटचा जिना आला, आणि टाचेखाली फरशी लागली.

कपाट ठेवलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

पट्टा सोडून तोलकाकाने रेडिओकडे बघितलं. तो शेवटच्या पायरीवर बसला होता, म्हातारा, ओठ निळसर, हात मांड्यांवर उताणे. तोलकाकाला वाटलं होतं, वर रागीट तोंड असेल. हे तोंड त्याच्याहून जास्त घाबरलेलं होतं.

"मेव्हणा कुठे असतो?" त्याने विचारलं.

"इथेच. दर वर्षी एकदा येतो. बसतो, बायकोची, पोरांची, नातवंडांची नावं घेऊन तब्येत विचारतो. चहा पितो, जातो."

"मालिशवाल्याची आई आहे अजून."

"माहितीये. मी तिला बाजारात बघून वाट बदलतो."

तोलकाकाने खिशातून फोन काढला. बाईचा नंबर लावला. रेडिओने फोन हिसकावला नाही. लाव असंही म्हणाला नाही. 

"मी बोलतोय, वाळूवाला," तोलकाका म्हणाला. "चेहरा दाखवा माझा. आणि इथे अजून एक जण आहे. पण त्याच्या घरच्यांना आधी कुठेतरी हलवावं लागेल. आजच. ते जमणार असेल तर तो बोलेल, नाहीतर मी काही बोललो नाही."

पलीकडे बाई काहीतरी भराभर विचारत होती. त्याने फोन रेडिओपुढे धरला. रेडिओने दोन्ही हात पँटला पुसले आणि तो घेतला.  मग म्हणाला, "लिहून घ्या. सावकाश सांगतो."

वरून घरमालकाने हाक मारली, "उतरलं का हो?"

"उतरलं," तोलकाका म्हणाला.

तो फाटकापाशी गेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. दुसरा पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर काही न करता उभा होता. मेव्हण्याने पाठवलेला तर नसेल? तोलकाका त्याच्याकडे बघत राहिला. मागून रेडिओचा बारीक आवाज येत होता. तो बसला नाही. बसलो तर पुन्हा उठता येणार नाही, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.